दादा, त्या फणसाच्या गिटारीबद्दल

दादा,

तू गेलास, आणि काल तुझं पुण्यानुमोदनही झालं. विहारात पाय ठेवायला जागा नव्हती. संगमेश्वरची माणसं आली होती, जयगडहून दोन रिक्षा भरून आल्या होत्या, आणि वर नुसता हूक लोंबत होता, कारण विहाराचा पंखा गेले तीन आठवडे माझ्या दुकानात पडून आहे. सगळे हातातल्या कागदाने वारा घेत माझ्याकडे बघत होते. तू असतास तर तिथंच, भर माणसांत म्हणाला असतास, "शके, गावच्या मोटारी फिरवतेस आणि आपल्या विहाराला ठेवतेस घामात!"

बौद्धाचार्यांनी पंचशील सांगायला घेतलं, आम्ही मागून म्हणत गेलो. खोटं न बोलण्याचं चौथं शील आलं आणि मी तेवढं मागून म्हटलं नाही. बाजूला वहिनी होती. तिच्या ध्यानात आलंच असणार. तुझ्यासारख्या अर्ध्या बहिऱ्या माणसाबरोबर तीस वर्षं संसार केलाय तिने, समोरचा गप्प का झाला हे तिला लगेच कळतं.

मग माणसं बोलायला उठली. तीन जण बोलले आणि तिघांनी एकच गोष्ट सांगितली. गिटार बनवणारा मिस्त्री, आणि गिऱ्हाइकाला स्वतःच्या तोंडाने सांगायचा की बाबा रे, माझ्या लाकडाने आवाजात काही फरक पडत नाही, आवाज माझी बहीण देते, मी फक्त धरायला लाकूड देतो. असा माणूस रत्नागिरीत दुसरा दाखवा म्हणे! माझी छाती कशी फुगली म्हणून सांगू. आणि त्याच वेळी धरणी पोटात घेईल तर बरं असंही झालं. कारण तू जे खरं म्हणून सांगत फिरलास, ते मी तुला सांगितलेलं खोटं होतं. काल मी उठून हे सगळ्यांना सांगितलं. ज्याला सांगायला हवं होतं तो तेवढा राहिला. म्हणून हे लिहितेय.

आपलं भांडण सुरू झालं ते तुझ्या त्या मोडक्या गिटारीवरून. गायन पार्टीत वाजवायला म्हणून तू मुंबईहून जुनी इलेक्ट्रिक गिटार आणलीस आणि पहिल्याच पावसात तिची प्लायवूडची बॉडी फुगून पापुद्रे सुटले. दुसरा कोणी भंगारात देऊन मोकळा झाला असता. तू ती टेबलावर ठेवून दोन दिवस नुसता बघत बसलास. मग म्हणालास, "मृदंग फणसाचा चालतो, तर गिटार का नको?" विहिरीजवळचा आपला फणस वादळात पडला होता, त्याचा बुंधा तू ठेवलाच होतास. आपल्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणी रंधा धरला नव्हता. तू खाडीवर होड्या बांधणाऱ्यांकडे जाऊन, सुरुवातीला नुसता भुसा झाडून, बघून बघून शिकलास. तिथल्याच मशिनीने तुझा डावा कान गेला आणि उजवाही अर्धाच राहिला. तरी निघालास आपला गिटारी बनवायला! आई म्हणायची तेच खरं, तुझ्या डोक्यात एकदा शिरलं की ब्रह्मदेवाचा बाप आला तरी निघायचं नाही.

आणि मी? मी नाचणे रोडच्या गाळ्यात पंप, पंखे, मिक्सर रिवाइंड करत बसलेली. एक दिवस तू गिटारीचा पिकअप माझ्यापुढे टाकलास. तारांच्या खाली बसवतात तो, चुंबकावर गुंडाळलेली बारीक तांब्याची तार. तार हलली की त्यात करंट उठतो आणि तो अँपमध्ये जाऊन आवाज होतो. "जळलाय. करून दे," म्हणालास, जसा काही मिक्सरच. केसाहून बारीक तार ती. शिलाई मशिनीच्या मोटारीवर मी ती हजारो वेढे गुंडाळली, किती वेळा तुटली, किती वेळा तुझ्या नावाने बोटं मोडली, देवाला ठाऊक. पण वाजली रे! पहिला सूर निघाला तेव्हा तू टाळी दिलीस ती इतकी जोरात की माझा तळवा संध्याकाळपर्यंत लाल होता.

पण झालं काय, की जो येई तो गिटार हातात घेई, बॉडीवर बोटांनी टकटक करी आणि तुला विचारी, "लाकूड कुठलं, भाई?" मग तुझं कीर्तन सुरू. फणस कसा गोड, शिवण कशी हलकी, सागाचा आवाज कसा भरीव. आणि मी बाजूला हातात सोल्डरिंग गन घेऊन उभी. वेढे किती दिले, चुंबक कुठला लावला, हे एका माणसाने विचारलं असेल तर शपथ. मी तुला म्हणायचे, "दादा, पिकअपला फक्त लोखंडाची तार कळते. खाली फणस आहे का पत्र्याचा डबा, त्याला काय पडलंय?" तू म्हणायचास, "तार कशावर ताणलीय ते बघ की. लाकूड हलतं तशी तार हलते. सगळा आवाज लाकडात असतो गो, तार निमित्ताला." दहा वर्षं हेच. जेवताना हेच, लग्नाला गेलो तरी हेच. वहिनी म्हणायची, "तुम्हा दोघांना एका खोलीत कोंडून बाहेरून कडी घालते."

शेवटी मीच पैज लावली. भर श्रावणात, विहारात. दोन बॉड्या, एक फणसाची, एक शिवणीची. नेक, म्हणजे वरची लांब दांडी, तीच, पिकअप तोच, अँप तोच, आणि तारा एकाच पाकिटातल्या. मध्ये चादरीचा पडदा. वाजवायला आसिफ, जो लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवतो आणि तुझी पहिली गिटार ज्याने नेली तो. ऐकायला बारा माणसं. आणि बाराच्या बारांनी फणस ओळखला! डोळे मिटून! "ही गोड, ही मऊ," करत. तू उठून नाचलास, पन्नाशीचा बाप्या. मी पंधरा दिवस तुझ्या दारात पाय ठेवला नाही.

पंधराव्या दिवशी आसिफ पैजेतली तीच फणसाची गिटार घेऊन माझ्या गाळ्यावर आला; वाजवायला त्यानेच नेली होती. खरखर येते म्हणाला. मी मागची पट्टी उघडली तर वायर खुपसायच्या जॅकवर हिरवा थर. मला शंका आली. मीटरच्या दोन्ही सुया तारेला न लावता सरळ लाकडात खुपसल्या आणि काटा हलला. सुक्या लाकडातून करंट जातो कधी? आतला थोडा भुसा खरवडला आणि जिभेवर ठेवला. खारट! सुकटीसारखा खारट!

तुला बोलावलं. तूही चाटलास. आपण दोघं चाळिशी-पन्नाशीतली माणसं गिटार चाटत उभी, आणि आसिफ आपल्या तोंडाकडे बघतोय. मग तुझ्या डोक्यात प्रकाश पडला. होडीचं लाकूड खाडीच्या चिखलात वर्षभर पुरून ठेवतात, मग त्याला भुंगा लागत नाही. तू तेच शिकला होतास, तेच केलं होतंस. फणसाचा बुंधा तू खाडीत पुरला होतास. शिवण नंतर आणलेली, ती तशीच सुकवलेली. फणसात मीठ मुरलं होतं, पावसाळ्यात ते ओल धरत होतं आणि त्या ओलीतून माझ्या पिकअपचा थोडा करंट गळत होता. गळताना आवाजातला टोचरा भाग आधी जातो, राहतो तो मऊ. बारा माणसांना गोड लागलं ते मीठ होतं, दादा. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं. आणि हसता हसता बोलून गेले, "होडी बांधायची अक्कल गिटारीत घातलीस, दुसरं काय होणार!" तू हसला नाहीस. ते मला तेव्हा दिसलं होतं.

दुसऱ्या दिवशी तू स्कूटर काढलीस आणि त्या बाराही जणांच्या घरी गेलास. एक संगमेश्वरला राहत होता, त्याच्याकडेही. एक गणपतीपुळ्याला हॉटेलात कामाला, त्याला भटारखान्यातून बाहेर बोलावून सांगितलंस. "मी जिंकलो नाय. ते मिठामुळं झालं." वहिनी वैतागली होती. "कोण मागे लागलंय तुमच्या? विसरले असतील ते." तू म्हणालास, "मी नाय ना विसरलो." तुला सांगते दादा, त्या दिवशी तू हेल्मेट घालून फाटकातून बाहेर पडलास ना, तेव्हा मला वाटलं, हा माझा भाऊ. बाजारात, कचेरीत, कुठंही कोणी आपल्याला खाली बघायला लावलं की मी तुझा तो दिवस आठवते. पण तेव्हा तोंडाने काय म्हटलं? "पेट्रोल जाळतोयस फुकट." आपल्या घरात कौतुक हे माणूस गेल्यावरच करायची पद्धत आहे, दुसरं काय.

मग चैत्रात तू पुन्हा आलास. नवी फणसाची बॉडी, यावेळी सावलीत सुकवलेली, खाडीचा थेंब न लागलेली. आणि तीच शिवणीची. आतून दोन्हींना तांब्याचा पत्रा मी लावला, बाहेरची खरखर शिरू नये म्हणून. मी म्हटलं, माणसं बोलवू या. तू म्हणालास, "बारा माणसं नकोत आता. बारा माणसांना मीठ कळलं नाय. माझ्या कानाचा मला भरवसा नाय. तू ऐक. तू सांगशील ते खरं."

मी भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. तू आधी एक बॉडी लावलीस, सगळ्यात जाड तार मोकळी छेडलीस, थांबलास, पुन्हा छेडलीस, असं तीनदा. मग स्क्रू काढून नेक आणि पिकअप दुसऱ्या बॉडीवर चढवलास, अर्धा तास गेला त्यात, आणि तसंच पुन्हा वाजवलंस. कुठली कुठली ते सांगितलं नाहीस. मला सांगायची गरजही नव्हती.

मला फरक ऐकू आला होता. आता का खोटं बोलले ते विचार. विचारच. मला त्या क्षणी मुंबईची, चिपळूणची, देवरुखची सगळी गिऱ्हाइकं दिसली, टकटक करणारी. "लाकूड कुठलं, भाई?" मला वाटलं, आता हा पुन्हा फणसाचं कीर्तन लावणार आणि मी पुन्हा बाजूला उभी राहणार. एकदा तरी माझ्या वेढ्यांना कोणी विचारावं. एवढंच. इतक्या क्षुल्लक गोष्टीसाठी माणूस खोटं बोलतो का? बोलतो. मी बोलले.

तू काय केलंस? गिटार खाली ठेवलीस, हात पुसलेस आणि म्हणालास, "संपलं तर मग." चेहरा पडला होता, पण दोन मिनिटंच. मग उरलेल्या फणसाच्या फळ्या तू वहिनीच्या स्वयंपाकघरात मांडणीला लावल्यास. त्या दिवसापासून लाकूड निवडायचास ते वजन बघून, गळ्यात अडकवल्यावर खांदा दुखू नये म्हणून, धरायला बरं वाटावं म्हणून. आणि येईल त्याला सांगायला लागलास, "आवाज शकूचा." माझ्या गाळ्यावर पोरं यायला लागली, पिकअप करून द्या म्हणत. वेढे किती, विचारायला लागली. मला जे हवं होतं ते तू मला उचलून दिलंस, तेही खरं समजून. मी घेतलं. आवडलंही मला, कशाला लपवू?

मुंबईचा तो दुकानदार आठवतो? गाडीतून आला होता. तुझ्या गिटारी बघून खूश झाला, दर महिन्याला दोन देतो का म्हणाला. फक्त वर चिठ्ठी हवी होती, 'कोकणच्या फणसाचा अस्सल आवाज' असली काहीतरी. तू म्हणालास, "फणसाचं लिहायचं नाय. आम्ही ऐकून बघितलंय, फरक नसतो." तो हसला, "अहो भाई, धंद्यात चालतं एवढं." तू म्हणालास, "माझ्यात नाय चालत." तो गेला. आणि मी तिथंच उभी होते रे, तुझ्यासाठी चहाचा कप घेऊन. एक शब्द बोलायचा होता. म्हणायला हवं होतं, थांबा हो, फरक असतो. नाही बोलले. तू वळून माझ्याकडे बघून हसलास, म्हणालास, "बरोबर केलं ना गो?" मी मान डोलावली.

मी स्वतःची समजूतही घालून बघितली, तुला माहीत आहे माझी सवय. एकदा ऐकून काय सिद्ध होतं? दुसऱ्यांदा जोडताना नेकचा स्क्रू अंमळ जास्त आवळला गेला असेल. असेलही. पण मग ते शोधायला तू पुन्हा वाजवलं असतंस, पन्नास वेळा वाजवलं असतंस. आंब्याची करून बघितली असतीस, ऐनाची, किंजळीची. खारट लाकूड चाटून स्वतःची जीत परत करणारा माणूस तू. तुला उत्तर शोधायला आवडायचं, आणि तो शोध मी एका वाक्याने बंद केला. मला सलतंय ते हेच. पैज तू हरलास त्याचं काही नाही रे.

काल चौथा बोलायला आसिफ उठला. म्हणाला, "भाईंनी मला शिकवलं की लाकूड नुसतं धरायला असतं, आवाज शकूताईंचा." माणसं माझ्याकडे बघून माना हलवायला लागली, कौतुकाने. मला ते सहन झालं नाही. मी उठले. पदर सावरला. म्हटलं, "आसिफ, ते तुझ्या भाईंचं खोटं नाही. माझं आहे. चैत्रात आम्ही दोघांनीच ऐकलं तेव्हा फरक होता. फणस वेगळा वाजला होता. मला ऐकू आला होता आणि मी त्याला नाही म्हणून सांगितलं. तो माझ्या शब्दावर गेला. तो खोटं बोलला नाही, त्याला खोटं सांगितलं गेलं. आणि त्याने जो जो सूर काढला त्यात त्याचं लाकूडही होतं, नुसती माझी तार नव्हती. हे सगळ्यांनी ऐकून ठेवा."

  मग आसिफ डोकं खाजवत म्हणाला, "म्हणजे भाई बरोबर होते?" मी म्हटलं, "होय. माझ्या कानाप्रमाणे बरोबर होते." तो एकदम हसला आणि रडायलाच लागला, तसाच उभ्या उभ्या. मागून कुणीतरी म्हणालं, "मेला, बरोबर होता आणि तरी स्वतःला चूक म्हणवून घेत फिरला." त्यावर विहार हसला, दादा. तुझ्या पुण्यानुमोदनाला माणसं हसली, आणि मला इतका अभिमान वाटला की बस. जिंकलास तेव्हाही खरं बोललास आणि हरलास असं वाटलं तेव्हाही. असा भाऊ मिळायला काय पुण्य केलं होतं मी, कोण जाणे.

वहिनी तेवढी हसली नाही. मी खाली बसले तेव्हा तिने माझा हात धरला, घट्ट. हळूच म्हणाली, "शकू, आम्हाला काय सांगतेस? ह्यांना सांगायचं होतंस." तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

तर सांगते. त्या दिवशी भिंतीकडे तोंड करून बसले होते ना, तेव्हा मी नुसती ऐकत नव्हते. मनात आकडे मोजत होते, तू छेडल्यापासून तार पार विझेपर्यंत, मोटार टेस्ट करताना मोजते तसे. शिवणीवर मी अकरापर्यंत पोचायचे आणि सूर संपायचा. फणसावर पंधरा. तू तीनदा वाजवलंस, तिन्ही वेळा पंधरा. तिसऱ्यांदा पंधरा मोजून झाल्यावर मी स्टुलावर वळले, तुझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हटलं, "काय फरक नाय, दादा."